मीटरच्या पोटातले तांदूळ

आमच्या अमरावतीच्या कॉलनीत कोणाच्या घरी ताप आला की डॉक्टरच्या आधी मला बोलावणं येतं. "वानखडे काका, आमचं थर्मामीटर खरं दाखवते का, थोडं पाहून द्या ना!" मी तेहतीस वर्षं थर्मामीटरचीच नोकरी केली हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती थर्मामीटरं माणसाच्या काखेत लावायची नव्हती, हे अजून कोणाच्या गळी उतरलेलं नाही. शेजारच्या वहिनींना एकदा तसं सांगितलं, तर त्यांनी सहानुभूतीनं विचारलं, "मग काय जनावरांच्या दवाखान्यात होते का?"

नव्हतो. मी अकोल्याच्या एमआयडीसीत एका सॉल्व्हंट कारखान्यात होतो. कारखान्याचं नाव सांगत नाही. मालक अजून दर दिवाळीला फराळाचा डबा पाठवतात आणि तो बंद व्हावा अशी माझी इच्छा नाही.

सॉल्व्हंट म्हणजे काय, ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तेलघाणीत सरकी पिळली की तेल निघतं आणि मागे ढेप उरते. त्या ढेपेतही तेल लपून असतंच. ते काढायला ढेप हेक्झेन नावाच्या पातळ द्रवानं धुतात. हेक्झेन म्हणजे पेट्रोलचा सख्खा भाऊ, आणि स्वभावानं जास्त तापट. त्याची वाफ दिसत नाही, जमिनीलगत पसरते, आणि एखादी ठिणगी मिळाली की मग कारखाना कुठे होता हे विचारत फिरावं लागतं. म्हणून गेटवरच मोबाइल काढून घेत, माचिस काढून घेत. हातोडी लोखंडाची नाही, पितळेची. शर्ट टेरिकॉटचा नाही, सुती. खर्रा, म्हणजे आमच्याकडचा घोटलेला तंबाखू-सुपारी, मात्र आत चालायचा, कारण तो पेटत नाही. आमच्या लोकांनी हा नियमातला एकमेव सवलतीचा भाग मनापासून पाळला.

आता अशा जागी तापमान तर मोजलंच पाहिजे. हेक्झेन पंचावन्न अंशाला ठेवलं की तेल छान सोडवतं. पासष्टच्या पुढे गेलं की उकळायला लागतं आणि वाफ मिळेल त्या फटीतून बाहेर पडते. डिजिटल थर्मामीटरची करामत तशी सोपी आहे. पेन्सिलीएवढ्या स्टीलच्या सळईत प्लॅटिनमची केसासारखी तार असते. तार तापली की तिच्यातून वीज जायला जड जातं. किती जड जातं ते मीटर मोजतं आणि आकडा दाखवतं. बस, एवढंच. भानगड अशी की आकडा पाहायला वीज लागते, आणि हेक्झेनच्या शेजारी वीज म्हणजे कापसाच्या गंजीपाशी बिडी.

त्यावर दोन उपाय आहेत. पहिला पैलवानी. सगळं सामान जाडजूड पेटीत बंद करायचं. आत स्फोट झाला तर होऊ द्यायचा. झाकणाच्या चिंचोळ्या फटीतून बाहेर येता येता आग थंड होऊन जाते. अट एकच, झाकणाचे आठही बोल्ट आवळलेले पाहिजेत. आमच्याकडे आठातले दोन कोणाच्या तरी मोटारसायकलला लागलेले असायचे, आणि ते परत आणणं हा माझ्या नोकरीचा मोठा भाग होता. दुसरा उपाय हात आखडून वाढणाऱ्या सासूचा. कंट्रोल रूममध्ये एक छोटी डबी असते. ती तारेला वीजच इतकी कमी सोडते, की तार तुटो, चिकटो, काहीही होवो, तिची ठिणगी हेक्झेनला पेटवायला पुरत नाही. हातात धरायचं थर्मामीटरही असंच, ठिणगीचा धोका नाही अशा खास शिक्क्याचं. त्याचा सेल बदलायचा तर गेटबाहेर जाऊन बदलायचा. पावसात, छत्री धरून मी तो बदललेला आहे.

हे सगळं सांभाळताना मला यंत्रांनी कमी आणि माणसांनी जास्त छळलं. कोरोनाच्या दिवसांत गेटवरच्या चौकीदाराला कपाळावर रोखायची ती बंदूक मिळाली. आमचे मॅनेजर बर्वे साहेब पुण्याकडचे, हुशार आणि हौशी. ती बंदूक घेऊन ते बॉयलरपाशी आले आणि वाफेच्या चकचकीत स्टील पाइपवर रोखून म्हणाले, "वानखडे, हा पाइप तर छत्तीस दाखवतोय! तुमची एवढी महागाची मीटरं कशाला हवीत?" मी म्हटलं, "साहेब, चकचकीत पत्रा आरशासारखा असतो. ती बंदूक पाइपचं नाही, समोर उभ्या असलेल्या तुमचंच तापमान सांगून राहिली." साहेबांनी बंदूक खाली केली, पण मनात ठेवलं. आत सॉल्व्हंटकडे मात्र मी ती नेऊ दिली नाही, कारण तिच्यावर शिक्का नव्हता.

पण खरी गोष्ट सुखदेवरावांची आहे.

सुखदेवराव हे सॉल्व्हंटवरचे सगळ्यात जुने ऑपरेटर. घरची माळव्याची शेती, वांगी-मेथी. पहाटे भाजी तोडून, ती भावाच्या हवाली करून सकाळच्या पाळीला हजर. त्यांना मीटर वाचता येत होतं, पण त्यांचा त्याच्यावर भरवसा नव्हता. हेक्झेनच्या पाइपवर ऊब धरायला गुंडाळलेला कापूस-पत्रा एका जागी वीतभर काढलेला होता. तिथे पालथा हात टेकवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "पंचावनच हाय." मी मीटर पाहायचो, तर चौपन्न पॉइंट आठ. मला राग यायचा. डिप्लोमा करून, परीक्षा देऊन, प्लॅटिनमची तार लावून जे मी मिळवलं होतं ते हा माणूस तळहाताच्या मागच्या बाजूनं मिळवत होता.

त्या वर्षी दसऱ्याला मी नेहमीसारखा तीन दिवस नागपूरला गेलो. दीक्षाभूमीला जायची आमच्या घरात वडिलांपासूनची रीत आहे. ती रजा मला कोणी नाकारत नाही. परत आलो तर कारखाना पूजेनं पिवळा झालेला. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, तशी झाली होती. माझ्या मीटरांवरसुद्धा हळदीकुंकवाची बोटं. मी ती ओल्या फडक्यानं पुसली आणि कामाला लागलो.

चार दिवसांनी तक्रार सुरू झाली. हेक्झेनच्या पाइपवरचं मीटर सकाळच्या पाळीत चव्वेचाळीस दाखवत होतं. दुसऱ्या पाळ्यांचे लोक हेक्झेन तापवणाऱ्या वाफेचा वॉल्व थोडा थोडा उघडून अठ्ठेचाळीसपर्यंत नेत. सुखदेवराव आले की पुन्हा मागे घेत. बर्वे साहेबांनी त्यांना बोलावलं.

"पंचावन्न ठेवायचं असतं, तुम्ही चव्वेचाळीस का ठेवता?"

"काहून म्हंजे? पाइप बराबर गरम हाय. थे मीटर खोटं बोलून राहिलं."

"नीट बोला."

"नीटच बोलून राहिलो ना जी! तुमाले आयकाचं नाई तं मी का करू?"

आम्हा वऱ्हाडी माणसांना यात वावगं काही दिसणार नाही. साहेबांना मात्र तो थेट अपमान वाटला. दुसऱ्या दिवशी सुखदेवरावांच्या हातात नोटीस पडली: हुकूम मोडला, उर्मट भाषा वापरली, कामावरून का काढू नये याचं कारण दाखवा. माणसाचे निवृत्तीला सात महिने राहिलेले. चौतीस वर्षांत एक गैरहजेरी नाही, आणि आता हार-नारळ न घेता, मान खाली घालून गेटबाहेर पडायची वेळ.

सगळं माझ्या अहवालावर येऊन थांबलं. मीटर चूक असेल तर सुखदेवराव बरोबर. मीटर बरोबर असेल तर सुखदेवराव घरी.

मी सळई आणि मीटर काढून वर्कशॉपमध्ये आणलं. बर्फाच्या पाण्यात धरलं, शून्य. उकळत्या पाण्यात धरलं, नव्व्याण्णव. अकोल्यात पाणी नव्व्याण्णवलाच उकळतं, म्हणजे मीटर चोख. सळई परत जागेवर बसवताना ती थोडी अडली. आमचे ते सांधे जुन्या पद्धतीचे. सळई जिथे थांबेल तिथे पितळी नट आवळला की काम झालं. मी आवळला. आणि अहवालात ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'मीटर अचूक आहे.' खाली लफ्फेदार सही.

सुखदेवराव मला भेटायला आले. रागावले नव्हते. मी शहाणपणानं म्हटलं, "सुखदेवराव, प्लॅटिनमची तार खोटं बोलत नाही."

ते म्हणाले, "तार नसन बोलत, भाऊ. पण तिले कोन का सांगून राहिलं थे तं पाहा!"

मी हसलो. आज ते हसू आठवलं की स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

सोमवारी सकाळी साहेबांनी लेखी हुकूम काढला: आज मीटरवर पंचावन्न आलंच पाहिजे. दहाच्या सुमारास मला निरोप आला, सुखदेवराव वॉल्वला पाठ लावून बसलेत आणि कोणाला हात लावू देत नाहीत. मी गेलो. खरंच, चालायच्या लोखंडी जाळीवर मांडी घालून, डबा उघडून, भाकरी आणि वांग्याची भाजी खात बसले होते. पाठीमागे वॉल्वचं चाक. साहेब दहा हात लांब उभे.

"वानखडे, तुम्ही समजावा यांना. तुमचाच अहवाल आहे."

मी जवळ जाऊन बसलो. "सुखदेवराव, उठा. कायले नोकरी घालवता?"

"नोकरी जाईन तं एकाची जाईन," ते म्हणाले. "वॉल्व खोलला तं समद्याइची जाईन. तुमी तुमचं थे हातातलं मीटर आना अन् पाइपले लावा. माह्या हाताले नाई, पाइपले. तुमी भाकर खा तवरीक."

भाकरी मी खाल्ली नाही, पण त्या माणसाच्या शांतपणानं माझ्या डोक्यात कुठेतरी खट्ट झालं. आल्यापासून वाफ निववणाऱ्या कंडेन्सरपाशी हेक्झेनचा वास नेहमीपेक्षा जास्त होता, तोही आता नाकाला जाणवला. मी शिक्क्याचं थर्मामीटर आणलं आणि त्यांच्या त्या वीतभर जागेवर टेकवलं.

साठ.

पाइपवरचं मीटर दाखवत होतं अठ्ठेचाळीस; वॉल्व रात्रपाळीनं ठेवला होता तसाच होता, लेखी हुकमामुळे सुखदेवरावांनी त्या दिवशी तो मागे घेतला नव्हता. मी पुन्हा लावलं. साठ. पाइपाच्या आतलं हेक्झेन अठ्ठेचाळीस आणि बाहेरचा पत्रा साठ? गंजातला म्हणजे पातेल्यातला चहा कोमट आणि गंज मात्र हात पोळणारा, असं जगात कुठे होत नाही. हुकमाप्रमाणे मीटरवर पंचावन्न आणलं असतं, तर आत सदुसष्ट झाले असते. हेक्झेन खदखदून उकळलं असतं, आणि त्या हुकमाखाली आधार म्हणून माझी लफ्फेदार सही. मी तसाच सुखदेवरावांच्या शेजारी जाळीवर बसलो.

"वॉल्व बंद करा," मी म्हटलं.

"आता कसं!" म्हणून त्यांनी डब्याचं झाकण लावलं, हात पुसले आणि वॉल्व बंद केला.

सळई थेट हेक्झेनमध्ये बुडत नाही. पाइपात बंद बुडाची एक नळी बसवलेली असते, तिला आम्ही पॉकेट म्हणतो. सळई त्या पॉकेटात जाऊन बुडाला टेकते. आत चार थेंब तेल घातलं की उष्णता लवकर पोचते. मी सळई काढली, पितळी तारेचा आकडा करून पॉकेटात घातला आणि ओढला. बाहेर आले तांदूळ. पिवळे, कुंकू लागलेले, टम्म फुगलेले. मी घातलेलं सगळं तेल पिऊन चांगले मुरलेले. मागोमाग सुपारीचं खांड आलं. सळई बुडाला न टेकता या मसालेभातावर बसून चार बोटं वर लोंबत होती आणि तिथलं जे तापमान असेल ते इमानदारीनं सांगत होती.

मी वळून पाहिलं. सुखदेवराव निरखून तांदूळ पाहत होते.

"हे तं माह्याच घरचे हायेत!" ते म्हणाले.

"म्हणजे?"

"पूजा म्या केली ना जी. तुमी नागपूरले गेलते. म्हटलं, समद्याइच्या मशिनीची पूजा होऊन राहिली, अन् वानखडे भाऊच्या मीटरची राहून जाईन. तुमी सळई कशी काढता, थे दर मयन्याले पाहतोच. म्हटलं वरून बोटं लावल्यापेक्षा अक्षदा आत टाकाव, म्हंजे पोचते बराबर."

"अहो, पण मी पूजा करत नाही, तुम्हाला माहीत आहे!"

"तुमी नाई करत. मीटरले काय मालूम?"

मला हसू येत होतं आणि रडूही. ज्या माणसानं माझ्या प्रेमापोटी मीटर बिघडवलं, त्यानंच सगळ्यात आधी ते बिघडल्याचं ओळखलं, आणि मी ते बरोबर असल्याचं लिहून त्याला नोकरीवरून घालवायला निघालो होतो.

दुपारी आमच्या मालकांसमोर, म्हणजे शेठजींसमोर, सुनावणी होती. मी पेचात पडलो. खरं सांगितलं तर सुखदेवराव एका हातानं सुटत होते आणि दुसऱ्या हातानं अडकत होते: धोक्याच्या जागी यंत्र उघडून आत वस्तू टाकली, याला माफी नाही. मी ठरवलं की दोष माझ्याकडे घ्यायचा. तसा तो होताच. सळई अडली तेव्हाच मी पॉकेट पाहायला हवं होतं. आणि सळईचा नट सोडायची किल्ली मी खिळ्याला टांगून नागपूरला गेलो होतो. मी सुखदेवरावांना बजावलं, "तुमी आत एक शब्द बोलाचा नाही. मी पाहतो."

"बरं," ते म्हणाले.

शेठजी मारवाडी, तीन पिढ्या अकोल्यात. बोलणं अर्धं हिंदी, अर्धं वऱ्हाडी. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "शेठजी, माझा अहवाल चूक आहे. पॉकेटात बाहेरची वस्तू अडकली होती. मी न पाहता सळई बसवली. सुखदेवराव बरोबर होते. ते वॉल्वपाशी बसले नसते तर आज आपण इथे नसतो. जबाबदारी माझी."

शेठजींनी चहा खाली ठेवला. "बाहेरकी वस्तू? कोन्ती?"

"किरकोळ कचरा."

"कचरा कायचा?" सुखदेवराव ताडकन उभे राहिले. "वासाचा चिन्नोर तांदूळ होता, शेठजी! पूजेचा! म्याच टाकला!"

मी कपाळावर हात मारला. बर्वे साहेबांचा चेहरा उजळला. "ऐकलंत? बिघाड यांनीच केला, आणि वर मला सांगतात मीटर खोटं बोलतं!"

"केला," सुखदेवराव म्हणाले. "चुकलं माहं. पन मनानं नाई केला." आणि खिशातून चार घड्यांचा कागद काढून त्यांनी शेठजींपुढे ठेवला. ते खंडेनवमीच्या आधीचं बर्वे साहेबांचं परिपत्रक होतं. कारखान्यातलं एकही उपकरण पूजेवाचून राहता कामा नये. संबंधित कर्मचारी रजेवर असल्यास शेजारच्या विभागानं पूजा करून फोटो पाठवावा. कसूर करणाऱ्यावर कारवाई होईल.

शेठजींनी ते दोनदा वाचलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं, आणि मग चहाची बशीही. हसून झाल्यावर ते म्हणाले, "बर्वे साहेब, हुकूम मोडला म्हनून नोटीस, अन् हुकूम पाळला म्हनूनबी नोटीस? आदमीनं करायचं काय?" साहेबही माणूस वाईट नव्हता. आधी कान लाल झाले, मग तेही हसले. बाहेर आल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "वानखडे, 'बोलून राहिलं' हे रागावून म्हणतात का हो?" मी म्हटलं, "नाही साहेब, आमच्याकडे प्रेमानंही असंच बोलतात."

नोटीस फाटली. पूजा यापुढे बाहेरून, असं ठरलं. किल्ली माझ्या कमरेला आली. पण शेठजींनी आणखी एक गोष्ट केली. दर तासाला तापमान लिहायच्या छापील तक्त्यात 'मीटर' असा रकाना होता. त्याच्या शेजारी त्यांनी दुसरा छापून घेतला, 'हात'. दोन्हींत फरक पडला तर आधी वाफ बंद, मग वाद. मला तो फार झोंबला. पण पुढचे सात महिने सुखदेवरावांनी तो रकाना भरला, कधी आकड्यात, कधी 'बरं हाय', कधी 'उलीसा गरम' म्हणजे थोडासा गरम, आणि त्यांचा आणि माझा फरक कधी एका अंशाच्या पुढे गेला नाही. मग हार घालून, नारळ घेऊन, ताठ मानेनं ते गेटबाहेर पडले. मी गेटपर्यंत सोडायला गेलो आणि तिथे मला चक्क रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या जागी आलेला नवा ऑपरेटर तक्ता घेऊन माझ्याकडे आला. "साहेब, मीटर लिवलं. हे 'हात' म्हंजे काय लिवाचं?"

मी त्याच्याबरोबर खाली गेलो. त्या वीतभर जागेवर पालथा हात टेकवला. डोळे मिटले. गरम लागलं. तोवरच्या नोकरीतलं मला जे येत होतं ते सगळं आठवून पाहिलं. पन्नास असेल, साठही असेल. मग त्याच्याकडून पेन घेतलं, चौपन्न पॉइंट सहाच्या शेजारच्या रकान्यात 'मले समजत नाई' असं लिहिलं आणि खाली सही केली.